उथळ पाण्यात शिकणारे आणि मुरलेले एकत्र आले तर वाट कुणी कुणाला द्यायची?

गंगाकाठची (परभणी):

नमस्कार मंडळी. विषय काइटबोर्डिंगचा आहे, म्हणजे मोठा पतंग कमरेला जोडून, पायाखाली फळी घेऊन, वाऱ्याच्या ओढीनं पाण्यावरून जायचा खेळ. मागं एकदा इथं जायकवाडीच्या वाऱ्यावर बोलणं निघालं होतं, तेव्हा आपल्याकडचे दोन-तीन जण हा खेळ खेळतात असं दिसलं. म्हणून इथंच विचारते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वय ३९. पोहायला शिकले ते सोनपेठजवळ मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. गेल्या जानेवारीत आईला घेऊन रामेश्वरला गेले. ओखा-रामेश्वरम गाडी आपल्या परभणीवरूनच जाते, आणि आईची काशी झालेली होती, रामेश्वर राहिलं होतं. तिची बावीस तीर्थांची अंघोळ झाली, दर्शन झालं. मग ती आणि मावशी मुक्कामावर थांबल्या आणि मी पाच दिवस शिकायला जात राहिले. पहिले तीन दिवस फार सुखाचे गेले. पतंगानं ओढलं आणि पाय पाण्यातून सुटले, त्या क्षणाबद्दल लिहायला बसले तर प्रश्न बाजूलाच राहील.

चौथ्या दिवशी झालं ते सांगते. पाणी कमरेएवढं, खाली मऊ वाळू. ईशान्येचा वारा, सर म्हणाले १६ नॉट, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. माझा पतंग ९ मीटरचा (म्हणजे कापड ९ चौरस मीटर), दोऱ्या २२ मीटर लांबीच्या. फळीवर उभं राहायचे तीन प्रयत्न झाले आणि दर वेळी मी वाऱ्याबरोबर खाली खाली वाहत गेले. मग फळी काखेत धरून परत वर चालत येत होते. मधेच वारा एकदम पडला आणि पतंग माझ्या मागं पाण्यात बसला. दोऱ्या पाण्यावर पसरल्या. मी वळून तो उठवायच्या खटपटीत होते, तेवढ्यात काठाकडून एक जण भरधाव आला. चांगला मुरलेला होता, त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. तो माझ्या आणि पतंगाच्या मधून गेला. त्याच्या फळीखालचं पातं दोरीत अडकलं आणि मला कमरेतून असा हिसका बसला की मी तोंडघशी पाण्यात. लाल मूठ पुढं ढकलून पतंग सोडायचा, हे पहिल्या दिवशी सरांनी वीस-पंचवीस वेळा करून घेतलं होतं. ते हातानंच केलं, डोकं तेव्हा चालत नव्हतं. पतंग निवला. पण सुटताना एक दोरी पोटरीवरून सरकली. वळ उठला, सुतळीपेक्षाही बारीक, पण आठ दिवस सलवारीचं कापड लागलं की चुरचुरायचा.

तो माणूसही पडला होता. उठला आणि मला म्हणाला, शिकायचं असेल तर एका बाजूला शिका, हा जायचा-यायचा रस्ता आहे. माझे सर तेव्हा दुसऱ्या विद्यार्थ्याजवळ होते, ५०-६० मीटरवर.

मला भांडण उकरून काढायचं नाही. खरंच समजून घ्यायचंय. सपाट, उथळ पाणी थोडंच असतं. शिकणाऱ्याला तेच लागतं, कारण पडलं तर उभं राहता येतं. मुरलेल्यांनाही तेच आवडतं. मग वाट कुणी कुणाला द्यायची? जूनमध्ये मामेबहिणीला घेऊन परत जायचा विचार आहे. ती माझ्या भरवशावर येणार आहे, म्हणून नीट विचारते.

मांजराकाठ (लातूर):

ताई, मी हा खेळ कधी जवळून पाहिलेला नाही. पण तुम्ही विहिरीचं काढलंत म्हणून लिहितो.

आमच्या औशाकडच्या विहिरीवर उन्हाळ्यात एका वेळी तीस-तीस पोरं असायची. डबेवाली, भोपळेवाली लेकरं पायऱ्यांच्या कडेला. मुटका मारणारे समोर, थारोळ्याच्या अंगाला. उडी मारायच्या आधी 'सरका रेऽऽ' अशी आरोळी द्यायची, खाली बघायचं आणि मगच उडी. पण ती आरोळी पोहता येणाऱ्यांसाठी होती. डबेवाल्याला सरक म्हणून काय उपयोग? त्याला सरकताच येत नाही. तो जिथं असेल तिथं उडी मारायचीच नाही. कुणी मारलीच तर आमचे आण्णा त्याला दिवसभर पाण्यात उतरू देत नव्हते, मग तो कितीही मोठ्या घरचा असो.

ज्याला सरकता येतं त्यानं सरकावं. मला तरी यात दुसरं काही दिसत नाही.

वाऱ्याच्या_अंगानं (छत्रपती संभाजीनगर):

ताई, तुम्ही लाल मूठ वेळेवर ढकललीत हे वाचून जीव भांड्यात पडला. पुष्कळ जण त्या क्षणी दांडी, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, घट्ट ओढून धरतात. दांडी ओढली की पतंगाला आणखी जोर चढतो आणि माणूस आणखी फरफटतो. घाबरलं की मूठ आवळणं हा माणसाचा स्वभावच आहे, तो मोडायला सराव लागतो. तुमच्या सरांनी तो करून घेतला, ते काम त्यांनी चोख केलं.

माझं वाळूजला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. २०१३ पासून दर उन्हाळ्यात दुकान धाकट्या भावावर सोपवून दहा दिवस वाऱ्यावर जातो. रामेश्वरम, तुतिकोरिन, दोनदा श्रीलंकेत कल्पिटिया. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

पाण्यातले नियम आहेत आणि ते जगभर थोड्याफार फरकानं सारखेच शिकवतात. समोरासमोर आलं तर उजवा हात पुढं ठेवून जाणाऱ्याला हक्क, डावा हात पुढं असणाऱ्यानं वाट द्यायची. काठावरून निघणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आत येणाऱ्यानं थांबायचं. शेजारून जाताना वारा येतो त्या बाजूच्यानं पतंग वर घ्यायचा, दुसऱ्यानं खाली, म्हणजे दोऱ्या एकमेकींत जात नाहीत. मागून येऊन पुढं जाणाऱ्यानं सांभाळून जायचं. आणि उडी मारायची तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ५० मीटर, वरच्या अंगाला ३० मीटर मोकळं पाहिजे.

तो माणूस काठावरून निघाला होता, म्हणजे नियमाप्रमाणं हक्क आपला असं तो म्हणू शकेल. पण हे नियम दोन चालत्या माणसांसाठी आहेत. दोघांनाही वळता येतं असं धरून केलेले आहेत. पतंग पाण्यात पडलेला माणूस वळू शकत नाही. लातूरच्या दादांनी डबेवाल्या पोराचं सांगितलं ते अगदी हेच. पडलेला पतंग आणि त्याचा माणूस यांच्या मधून जायचं नाही, काही झालं तरी नाही. वरून बघितलं तर मधलं पाणी मोकळं दिसतं. उन्हाच्या चमकीत दोरी दिसत नाही, आणि तिथंच ती २२ मीटर पसरलेली असते. इतका मुरलेला माणूस हे जाणत नसेल असं मला वाटत नाही. त्याचं चुकलं.

हे मी दुसऱ्याकडं बोट दाखवायला लिहीत नाही. २०१६ साली कल्पिटियाच्या लगूनमध्ये मी यापेक्षा वाईट वागलोय. ते पाणी छोटं आणि त्या दिवशी गर्दी फार. मला नुकतीच उडी जमायला लागली होती. नवा उडी मारणारा वर पतंगाकडं बघतो, खाली बघतच नाही. मी तसाच वर बघत उठलो आणि खाली येताना दिसलं, एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, छातीएवढ्या पाण्यात, पिवळं हेल्मेट, दोन्ही हात दांडीवर. त्याच्यापासून हातभर अंतरावर मी पडलो. माझ्या फळीचं पाणी त्याच्या तोंडावर उडालं. त्यानं डोळे मिटले नाहीत, हललाही नाही, नुसता बघत राहिला. मी पतंग उतरवला आणि त्या दिवशी परत पाण्यात गेलो नाही. त्याची आई काठावर होती, तिला जाऊन काय झालं ते सांगितलं. ती बाई एक शब्द बोलली नाही. मुलाचं हेल्मेट काढून त्याचे केस पुसत बसली. तेव्हापासून उडीच्या आधी मी खाली बघतो, मागं बघतो, मग दांडी हलवतो.

आता एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही परत चालत येताना नेमक्या कुठून येत होतात? काठाकाठानं की मधून? आणि पतंग कुठं होता, डोक्यावर की पाण्याच्या बाजूला खाली?

गंगाकाठची (परभणी):

राग कसला, हाच प्रश्न मी स्वतःला टाळत होते.

मधून येत होते. तिथं दोन बांबू रोवून काठाचा एक पट्टा पतंग चढवायला-उतरवायला मोकळा ठेवलेला होता. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की परत येताना त्या पट्ट्यासमोरच्या पाण्यातून यायचं नाही, वळसा घालून यायचं. पण मी दोनशे मीटर तरी खाली वाहत गेले होते, तासाची ४० मिनिटं उरली होती, आणि वळसा घेतला तर पंधरा मिनिटं चालण्यात जाणार होती. म्हणून सरळ आले. आणि पतंग डोक्यावर होता. फळी एका हातात असली की तो डोक्यावर ठेवणं सोपं वाटतं.

म्हणजे 'हा रस्ता आहे' हे तो म्हणाला त्यात खरं होतं. हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. दोरी पायाला लागलेल्याला आपली बाजू मोठी दिसते.

वाऱ्याच्या_अंगानं (छत्रपती संभाजीनगर):

लिहिलंत हे फार बरं झालं. तरीही पडलेल्या पतंगाच्या मधून जाण्याची चूक त्याचीच राहते, तुम्ही कुठंही असा. पण तुम्ही जूनमध्ये बहिणीला नेणार आहात, म्हणून सांगतो. पतंग डोक्यावर ठेवून चालू नका. वारा पडला की तो मागं कोसळतो, तुमच्या बाबतीत तेच झालं. आणि झोताचा वारा आला तर माणसाला सरळ वर उचलतो, खाली काठावर काय असेल ते असो. पतंग पाण्याच्या बाजूला खाली धरायचा आणि काठाकाठानं चालायचं. पट्ट्याजवळ आलं की थांबायचं, तिथल्या माणसाशी डोळा मिळवायचा. तरी जायचं नसेल तर पतंग उतरवून, दोऱ्या गुंडाळून काठावरून चालत जा. पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या.

नांदेडचा_चेन्नईकर:

मी चेन्नईला नोकरीला आहे, सुट्टी मिळाली की खाली जातो. चौथं वर्ष. थोडी दुसरी बाजू मांडतो.

सपाट पाणी फक्त शिकणाऱ्यांचं, मुरलेल्यांनी खोल पाण्यात जावं, असं सगळे सहज म्हणतात. पण मुरलेला म्हणजे काय? मला पळता येतं, वाऱ्याच्या तोंडाला वर चढता येतं, छोटी उडी येते. नवीन काही शिकायचं तर मीही शिकणाराच आहे, आणि लाटांच्या पाण्यात ते शिकताना पन्नास वेळा पडायचं म्हणजे गुडघे आणि बरगड्या जातात. शिवाय लांब खोल पाण्यात एकट्यानं जायचं म्हणजे काही झालं तर आणायला कोण? प्रत्येक ठिकाणी बोट नसते.

आणि खरी गर्दी कुणामुळं होते ते बघा. जिथं पाच पतंग मावतात तिथं शिकवणारे दहा-दहा पतंग उतरवतात, एका शिकवणाऱ्यामागं तीन-तीन विद्यार्थी. नाव कुणाचंच घेत नाही, बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. ताईंचे सर ६० मीटरवर होते. तिथून ओरडलं तरी वाऱ्यात ऐकू येत नाही. विद्यार्थी पट्ट्यात शिरतोय हे बघायला जवळ कुणीच नाही. दोघांच्या चुकीवर आपण एवढं बोलतोय, तिसऱ्याचं काय?

ताईंना लागलं त्याचं वाईट वाटलं. त्या माणसानं आधी 'लागलं का' एवढं तरी विचारायला पाहिजे होतं.

वाऱ्याच्या_अंगानं (छत्रपती संभाजीनगर):

दादा, तुझं बरंच पटलं. खोल पाण्यात जा, हे मीही कुणाला सरसकट सांगणार नाही. पण खोल आणि उथळ अशी वाटणी करायची गरजच नाही. वाऱ्याच्या वरचं आणि खालचं अशी वाटणी करावी.

माझे आजोबा फुलंब्रीच्या शेतात तिवईवर उभं राहून ज्वारी उफणायचे. आम्हा पोरांना पहिली ताकीद असायची, भुसाच्या अंगाला थांबू नका. दाणा जड, तो सरळ पायाशी पडतो. भूस हलकं, ते वाऱ्याबरोबर जातं. तसाच पाण्यातला शिकणारा वाऱ्याबरोबर जातो. मी कमी लेखून म्हणत नाही, मीही दोन हंगाम तसाच वाहत होतो. वाऱ्यावर तिरकं चढत आपल्या जागी परत येणं ही या खेळातली मोठी पायरी आहे, आणि ती येईपर्यंत रोज चालणं आहे. मुरलेला मात्र वाऱ्याच्या तोंडाला आपली जागा धरून राहू शकतो. मग मुरलेल्यांनी दोनशे मीटर वर जावं, सपाट पाण्यातच राहावं, आणि खालचं टोक शिकणाऱ्यांना सोडावं. शिकणारे वर असले की ते वाहत वाहत सगळ्यांमधून खाली येतात. त्यात मग कुणाचा हक्क वगैरे काही उरत नाही.

एक अट आहे. खालच्या टोकाला काठ मऊ आणि मोकळा पाहिजे. दगड, खांब, कोळ्यांची जाळी, नांगरलेल्या होड्या असतील तर तिथं शिकणाऱ्याला सोडणं म्हणजे खड्ड्यात ढकलणं. मग उलट करावं लागतं, किंवा वेळ वाटून घ्यायची. जिथं सकाळी वारा बेताचा आणि दुपारनंतर चढतो तिथं सकाळ शिकणाऱ्यांची, दुपार मुरलेल्यांची. चढत्या वाऱ्यात शिकणाऱ्याला तसंही फारसं काही हाती लागत नाही, फक्त भीती बसते.

आणि शिकणाऱ्यापासून दोन दोऱ्यांइतकं अंतर ठेवायचं, साधारण ५० मीटर. एक दोरी त्याची, एक आपली. त्याचा पतंग कुठं पडेल ते त्याला माहीत नसतं, म्हणून आपण धरून चालायचं की तो कुठंही पडेल.

शिकवणाऱ्यांचं तू म्हणालास ते खरं आहे. त्याला उपाय एकच, पैसे भरायच्या आधी विचारायचं.

गंगाकाठची (परभणी):

नांदेडच्या भाऊंनी 'पाच मावतात तिथं दहा' लिहिलं तेव्हा काल वर्ग सुटल्यावर फळ्यावर मांडून बघितलं.

दोरी २२ मीटर, तिच्या टोकाला पतंगाची रुंदी, म्हणजे माणसाभोवती २५ मीटर धरू. वारा जातो त्या बाजूला पतंग डावीकडून उजवीकडं फिरतो, म्हणजे माणूस मध्यावर आणि काठाला समांतर ५० मीटर रुंदीचं अर्धवर्तुळ त्याचं. शेजारच्याचं तेवढंच. दोन अर्धवर्तुळं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, तर दोन माणसांत किमान ५० मीटर. म्हणजे ३०० मीटर काठावर एका ओळीत सहा माणसं, तीही आपापल्या जागी उभी राहिली तर. पण ती वाहणार. दर प्रयत्नाला ६०-७० मीटर खाली, हा माझा स्वतःचा हिशेब. मग ओळ तिरकी होते आणि अर्धवर्तुळं एकमेकांत शिरतात. सहाची जागा चारावर येते.

त्या दिवशी तिथं अकरा पतंग होते. मी मोजले होते, कारण आकाशात ते फार सुंदर दिसत होते. फोटोतही अकराच आहेत.

हाक न पोचण्याचंही कारण आहे. वारा जमिनीपाशी मंद आणि वर वेगात असतो. म्हणून वाऱ्याविरुद्ध निघालेला आवाज वर वळतो आणि समोरच्याच्या डोक्यावरून जातो. मी खाली वाहत गेले होते, सर वर होते. मी कितीही ओरडले असते तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं.

माळावरचा (बीड):

सगळं वाचलं. एक शंका. इतक्या लांब कशाला जायचं? आमच्या बीड-पाटोद्याच्या माळावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या केलेल्या. आषाढात उभं राहू देत नाही वारा. आणि जायकवाडीचा नाथसागर एवढा पसरट, कडेला कितीतरी आतपर्यंत उथळ. गर्दी तर अजिबात नाही. तिथंच शिका की.

वाऱ्याच्या_अंगानं (छत्रपती संभाजीनगर):

दादा, तुमच्यासारखंच माझ्याही मनात आलं होतं. पैठणला जाऊन, कडेकडेनं फिरून, बघून आलोय. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी येतात, रोहित (फ्लेमिंगो) येतात, आणि उथळ कडेचंच पाणी त्यांना लागतं. डोक्यावर ९ मीटरचा पतंग फडफडला तर सगळा थवा उठणार. वनखात्याच्या परवानगीशिवाय असलं काही करताच येत नाही, आणि मला विचाराल तर मागूही नये.

दुसरं, ते पाणी वरून शांत दिसतं पण खाली जुन्या झाडांची खोडं आहेत, बाभळी आहेत. भोई लोकांची जाळी रात्रंदिवस टाकलेली असतात, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते जाळी ओढतात. त्यांच्या पोटापाण्याच्या जाळ्यात आपलं पातं अडकलं तर आपण कोणत्या तोंडानं बोलायचं? पाणी ओसरलं की कडेला गुडघाभर गाळ आणि त्यात लोकांची गाळपेर. तिथं पतंग उतरवायला जागा नाही. शिवाय जमिनीवरून येणारा वारा टेकड्या, झाडं, घरं ओलांडून येतो, तो तुकड्या-तुकड्यानं येतो. समुद्रावरचा सलग असतो. पवनचक्कीचं पातं शंभर फुटांच्या वर फिरतं, तिथला वारा आणि आपल्या डोक्यावरचा वारा एक नव्हे.

पण माळाचा एक उपयोग आहे, तो सांगायचाच होता. ताई, तुमच्या बहिणीसाठी. शिकवणीचा छोटा पतंग असतो, २-३ मीटरचा, दोन दोऱ्यांचा. पाण्यात उतरायच्या आधी मोकळ्या रानात तो आठ दिवस उडवला तर पाण्यातले पहिले दोन दिवस वाचतात. मोकळं रान म्हणजे जिथं विजेच्या तारा जवळपास नाहीत असं, हे सगळ्यात आधी बघायचं. पऱ्हाटी किंवा तूर काढलेलं रान नको, खुंट पायात घुसतात. हरभऱ्याचं रान चांगलं. हिला डोळे पतंगावर न ठेवता तो उडवता आला पाहिजे. मान वळवून मागं बघता आलं पाहिजे. पाण्यात शिकणारा मागं बघत नाही, कारण त्याचे दोन्ही डोळे पतंगाला बांधलेले असतात. तुमच्या मागून तो माणूस आला तेव्हा तुम्हीही पडलेल्या पतंगाकडंच बघत होतात, नाही का?

गंगाकाठची (परभणी):

हो. त्याची फळी पाण्यावर आपटत यायचा आवाज ऐकू आला होता, तरी मान वळवली नाही.

काल तिथं फोन केला. जूनमध्ये वारा नैऋत्येचा असतो म्हणून ते बेटाच्या दुसऱ्या बाजूला शिकवतात, असं कळलं. तीन गोष्टी विचारल्या. एका वेळी पाण्यात किती पतंग, एका शिकवणाऱ्यामागं किती जण, आणि परत चालत यायची वाट कोणती. पहिल्या दोन्हींची उत्तरं लगेच दिली, एका वेळी पाच पतंग आणि एकामागं दोन जण. तिसऱ्याला म्हणाले, आल्यावर दाखवू. मी म्हटलं, आम्ही पतंग हातात घ्यायच्या आधी ती वाट आम्हाला दोघींना एकदा रिकाम्या हातानं चालवून दाखवा. कबूल केलंय.

जानेवारीतला तो माणूस जूनमध्ये परत भेटला तर पट्ट्यातून आल्याबद्दल मी त्याला माझ्याकडून सांगेन. मग दोरीचं त्याला विचारेन.

छोटा पतंग कुठं मिळेल? मामाच्या रानात हरभरा निघालाय, चार एकर मोकळं आहे, तारा रस्त्याच्या पलीकडं आहेत.

वाऱ्याच्या_अंगानं (छत्रपती संभाजीनगर):

विकत घेऊ नका, माझा धूळ खात पडलाय. २ मीटरचा आहे, एका बाजूला शिवण उसवलेली होती ती मी टेंटवाल्याकडून शिवून घेतलीय. एसटीच्या पार्सलनं पाठवतो, परभणी बसस्थानकावर घ्या. दोऱ्या वेगळ्या पिशवीत आहेत, लाल दोरी डाव्या हाताला. सकाळी लवकर उडवा, ऊन चढलं की रानात वावटळी उठतात. काम झालं की परत पाठवा, फुलंब्रीचा पुतण्या मागतोय.

गंगाकाठची (परभणी):

पाठवा. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघी रानात असू. एक जण उडवेल आणि दुसरी तिच्या मागून, कधी डावीकडून, कधी उजवीकडून चालत येईल. उडवणारीनं पतंगावरून नजर काढून सांगायचं, कुठून आली.